मनःस्वास्थ्य व्यावसायिकांची नोंदणी, नूतनीकरण आणि निरंतर शिक्षण : भारतातील वाटचालीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

एखाद्या व्यवसायाचा इतिहास लिहिताना सामान्यतः संस्थांची स्थापना, थोर व्यक्तींचे कार्य आणि ज्ञानशाखेतील शोध यांना प्राधान्य दिले जाते. त्या व्यवसायाची नोंदवही मात्र अभ्यासकांच्या नजरेतून बहुधा सुटते. वास्तविक, कोणाचे नाव नोंदवहीत आले, ते कोणत्या अटीवर टिकले आणि कोणत्या कारणाने वगळले गेले, यावरून समाजाने त्या व्यवसायाकडे कसे पाहिले हे अधिक विश्वासार्हपणे समजते. प्रस्तुत लेखात भारतातील मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ (प्रचलित शब्दांत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट), मनोरुग्ण परिचारिका, मनोविकार सामाजिक कार्यकर्ते व समुपदेशक यांच्या नोंदणीचा, नोंदणीच्या मुदतबंद नूतनीकरणाचा आणि त्यासाठी घातलेल्या निरंतर शिक्षणाच्या अटीचा ऐतिहासिक मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे. लेखाचा मुख्य आधार कायद्यांच्या संहिता आणि समित्यांचे अहवाल हा आहे.

हा विषय केवळ प्रशासकीय स्वरूपाचा आहे असा समज होण्याची शक्यता आहे. परंतु मानसिक त्रासाने पिचलेला माणूस जेव्हा एखाद्या दारावरील पाटी वाचून आत जातो, तेव्हा त्या पाटीमागे कोणते शिक्षण आहे आणि ते किती जुने झाले आहे हे तपासण्याचे कोणतेही साधन त्याच्या हाती नसते. शल्यचिकित्सकाची चूक शरीरावर दिसते, समुपदेशकाची चूक बहुधा रुग्ण स्वतःच्याच माथी घेतो. या कारणास्तव मनःस्वास्थ्याच्या क्षेत्रात नोंदवहीचे महत्त्व इतर वैद्यकीय शाखांपेक्षा कमी नाही, किंबहुना अधिकच आहे.

नूतनीकरणाची मूळ कल्पना

आज नूतनीकरण म्हटले की ज्ञान अद्ययावत ठेवणे हा अर्थ आपल्या मनात येतो. इतिहासात या कल्पनेचा उगम मात्र अगदी वेगळ्या गरजेतून झालेला दिसतो. ब्रिटनमधील १८५८ च्या वैद्यक कायद्याने डॉक्टरांची अधिकृत नोंदवही सुरू केली, तेव्हा निबंधकाचे एक महत्त्वाचे काम मृत व्यक्तींची नावे खोडणे हे होते. एखादा डॉक्टर व्यवसाय करीत आहे किंवा नाही याविषयी शंका आल्यास त्याला पत्र पाठवावे आणि सहा महिन्यांत उत्तर न आल्यास नाव वगळावे, अशी तरतूद त्या कायद्यात होती. म्हणजे डॉक्टर हयात आहे का, एवढाच प्रश्न नोंदवही विचारीत होती. त्याला काय येते हा प्रश्न पदवीच्या दिवशी एकदाच विचारला जाई आणि त्याचे उत्तर आयुष्यभर ग्राह्य धरले जाई.

हीच चौकट आपल्याकडे आली. १९१२ चा मुंबई वैद्यक कायदा हा भारतातील वैद्यक नोंदणीचा पहिला प्रांतिक कायदा होय. बंगाल व मद्रास प्रांतांनी १९१४ मध्ये त्याचे अनुकरण केले. योगायोग असा की त्याच १९१२ साली भारतीय वेडेपणाविषयीचा कायदा संमत झाला. एकाच वर्षी झालेल्या या दोन कायद्यांनी पुढील अनेक दशकांची दिशा निश्चित केली. पहिल्याने डॉक्टरची नोंद केली. दुसऱ्याने रुग्णाला ठेवण्याच्या जागेची, तेथील प्रवेशाची आणि देखरेखीची व्यवस्था लावली. मनोरुग्णावर उपचार करणाऱ्या व्यक्तीची स्वतंत्र अशी नोंद या दोहोंपैकी कोणीच केली नाही. नागपूर (१८६४), रत्नागिरी (१८८६) व ठाणे (१९०१) येथील मनोरुग्णालये तोपर्यंत सुरू झालेली होती, पण तेथील अधिकारी कायद्याच्या दृष्टीने केवळ वैद्यकीय अधिकारी होते.

निरंतर शिक्षणाची अट नूतनीकरणाला जोडण्याची कल्पना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील असून ती प्रामुख्याने अमेरिकेत आकारास आली. मानसशास्त्रज्ञांच्या व्यवसायाला कायद्याची मान्यता देणारे पहिले राज्य कनेक्टिकट होते (१९४५) आणि १९७७ मध्ये मिसुरी राज्याने तसा कायदा केल्यावर हे वर्तुळ पूर्ण झाले. डॉक्टरांच्या परवाना नूतनीकरणासाठी निरंतर शिक्षण सक्तीचे करण्यात १९७१ साली न्यू मेक्सिको राज्याने पुढाकार घेतला. पुढच्याच वर्षी सॅम्युअल डुबिन या मानसशास्त्रज्ञाने व्यावसायिक ज्ञानाच्या कालबाह्यतेवर लेख लिहून, किरणोत्सारी द्रव्याप्रमाणे पदवीचेही ‘अर्धायुष्य’ असते असे मांडले. मानसशास्त्रातील पदवीचे अर्धायुष्य त्याने साधारण दहा ते बारा वर्षे सांगितले. हा आकडा शास्त्रीय मोजमापापेक्षा अंदाजाच्या जवळ जाणारा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तरीही त्याचा प्रभाव मोठा झाला, कारण परवाना मंडळांना हवा असलेला युक्तिवाद त्याने तयार करून दिला. हयात असण्याबरोबरच शिकत असल्याचा पुरावाही नोंदवही मागू लागली.

भोर समिती ते बंगळूर : मनुष्यबळाची घडण

भारतात तोपर्यंत चित्र निराळे होते. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात सुमारे चाळीस कोटी लोकसंख्येसाठी मनोरुग्णालयांत अवघ्या दहा हजारांच्या आसपास खाटा असल्याचे नमूद आहे. म्हणजे साधारण चाळीस हजार लोकांमागे एक खाट. जिथे खाटच नाही तिथे खाटेशेजारी बसणाऱ्या तज्ज्ञाच्या ज्ञानाच्या ताजेपणाचा विचार कोण करणार? समितीने प्रशिक्षित मनुष्यबळाच्या निर्मितीवर भर दिला आणि त्यातूनच १९५४ मध्ये बंगळूर येथे अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था उभी राहिली. पुढील वर्षी तेथे डॉक्टरांसाठी मनोविकारशास्त्राची आणि मानसशास्त्राच्या पदवीधरांसाठी वैद्यकीय मानसशास्त्राची पदविका सुरू झाली. रांचीजवळील कांके येथेही १९६२ मध्ये असेच अभ्यासक्रम सुरू झाले. बंगळूरची संस्था १९७४ मध्ये तेथील मनोरुग्णालयाशी एकत्र होऊन ‘निम्हान्स’ या नावाने ओळखली जाऊ लागली आणि मानसशास्त्राच्या पदविकेचे रूपांतर कालांतराने दोन वर्षांच्या एम.फिल.मध्ये झाले. इतर विद्याशाखांत एम.फिल. ही संशोधनाची पूर्वतयारी मानली जाई. या एका शाखेत मात्र ती प्रत्यक्ष रुग्णांसमवेत काम करण्याची, देखरेखीखाली घेतलेली व्यावसायिक दीक्षा होती. हा फरक लक्षात न घेतल्यामुळे पुढे कोणता गोंधळ झाला, याचा उल्लेख लेखाच्या अखेरीस येईल.

मुंबईचे योगदान सामाजिक कार्याच्या अंगाने आहे. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने, म्हणजे आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने, १९३७ मध्ये बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीस वैद्यकीय व मनोविकार सामाजिक कार्य या विषयाचे विशेष प्रशिक्षण देण्यास प्रारंभ केला. १९४६ मध्ये जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय सामाजिक कार्यकर्त्याची नेमणूक झाली, ती भारतातील पहिली मानली जाते. अशा रीतीने स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरच मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि सामाजिक कार्यकर्ता असे त्रिकूट तयार होऊ लागले होते.

व्यावसायिकांच्या संघटनाही उभ्या राहिल्या. मनोविकारतज्ज्ञांची इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटी १९४७ ची, तर चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची अखिल भारतीय संघटना १९६८ ची. वार्षिक अधिवेशने, शोधनिबंधांचे वाचन आणि नियतकालिके हेच त्या काळातील निरंतर शिक्षण होय. ते ऐच्छिक होते. ज्याला आस्था आहे तो रेल्वेचे तिकीट काढून अधिवेशनाला जाई. ज्याला नाही त्याला कोणी विचारीत नसे.

वास्तूचा परवाना आणि माणसाची नोंद

१९१२ च्या जुन्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने १९८७ मध्ये मानसिक आरोग्य कायदा संमत केला आणि तो १ एप्रिल १९९३ पासून अमलात आला. या कायद्यातील एक तरतूद आपल्या विषयाच्या दृष्टीने फार बोलकी आहे. खाजगी मनोरुग्णालय वा शुश्रूषागृह चालविण्यासाठी परवाना सक्तीचा करण्यात आला, त्याची मुदत पाच वर्षे ठेवण्यात आली आणि मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरणाचा अर्ज करण्याचे बंधन घालण्यात आले. तपासणीची व्यवस्था झाली, रुग्ण व कर्मचारी यांच्या प्रमाणाविषयी नियम झाले. म्हणजे नूतनीकरण आले, पण ते वास्तूला लागू झाले. त्या वास्तूत बसणारा मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता शिकत राहिला आहे का, हे विचारण्याचा अधिकार परवाना देणाऱ्या यंत्रणेला नव्हता. भिंतींचे दर पाच वर्षांनी परीक्षण आणि माणसाचे एकदाही नाही, अशी ही विसंगती होती.

वास्तूवरील नियंत्रणही किती अपुरे होते हे ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे दिसून आले. साखळदंडांनी बांधलेले पंचवीसहून अधिक मनोरुग्ण तेथील आगीत मृत्युमुखी पडले. सर्वोच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. चर्चेचा रोख मुख्यत्वे परवाना नसलेल्या जागांवर राहिला. त्या जागांत प्रशिक्षित माणसे का नव्हती, या प्रश्नाला त्या मानाने कमी जागा मिळाली.

पुनर्वसनाच्या दाराने आलेला कायदा

चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाला कायदेशीर ओळख मिळाली ती मानसिक आरोग्याच्या कायद्यातून नव्हे, हे या इतिहासातील सर्वांत विलक्षण वळण आहे. अपंगांच्या पुनर्वसनासाठी लागणाऱ्या मनुष्यबळाच्या प्रशिक्षणात एकसूत्रता यावी म्हणून १९८६ मध्ये भारतीय पुनर्वास परिषद ही एक नोंदणीकृत संस्था म्हणून स्थापन झाली. १९९२ मध्ये संसदेने तिच्यासाठी कायदा केला आणि २२ जून १९९३ पासून तिला वैधानिक दर्जा प्राप्त झाला. या कायद्याने ‘पुनर्वसन व्यावसायिक’ अशी संज्ञा निर्माण केली. तिच्या व्याख्येत श्रवणतज्ज्ञ व वाचाउपचारतज्ज्ञ, श्रवणयंत्रांचे तंत्रज्ञ, विशेष शिक्षक आणि व्यवसाय समुपदेशक यांच्या पंगतीत चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाचाही समावेश झाला.

मूळ कायद्यातील अपंगत्वाच्या व्याख्येत दृष्टिदोष, श्रवणदोष, अस्थिव्यंग आणि मतिमंदत्व (तत्कालीन कायद्यातील शब्द) एवढ्याच अवस्था होत्या. मानसिक आजार त्यात नव्हता! मतिमंद मुलांची बुद्धिमापन चाचणी कोणी करावी, या गरजेतून मानसशास्त्रज्ञाला कायद्यात जागा मिळाली. २००० च्या दुरुस्तीने १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यातील विस्तृत व्याख्या येथे लागू केली, तेव्हा मानसिक आजाराचा समावेश झाला. तोपर्यंत नैराश्य किंवा चिंताविकृती यांवर काम करणारा मानसशास्त्रज्ञ, ज्या कायद्याने त्याची नोंद घेतली त्याच कायद्याच्या उद्दिष्टापासून दूर उभा होता.

असे असले तरी या कायद्याचे सामर्थ्य कमी लेखता येणार नाही. केंद्रीय पुनर्वसन नोंदवहीत नाव नसलेल्या व्यक्तीला पुनर्वसन व्यावसायिक म्हणून व्यवसाय करता येणार नाही, शासकीय पद धारण करता येणार नाही, प्रमाणपत्रावर स्वाक्षरी करता येणार नाही किंवा न्यायालयात तज्ज्ञ म्हणून साक्ष देता येणार नाही, असे कलम १३ मध्ये स्पष्ट केले आहे. उल्लंघनास एक वर्षापर्यंत कारावास किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. दंडाची रक्कम आजच्या काळात हास्यास्पद वाटते, परंतु नोंदणीविना व्यवसाय करणे हा गुन्हा आहे हे तत्त्व या क्षेत्रात प्रथमच प्रस्थापित झाले. औपचारिक प्रशिक्षणाशिवाय वर्षानुवर्षे काम करीत असलेल्यांना नोंदवहीत आणण्यासाठी परिषदेने ‘ब्रिज कोर्स’ नावाचे अल्पमुदतीचे अभ्यासक्रमही चालविले. जुन्यांना बाहेर न ढकलता शिकवून आत घेण्याचे हे धोरण व्यवहार्य होते.

याच परिषदेने नोंदणीला पाच वर्षांची मुदत घातली आणि नूतनीकरणासाठी निरंतर पुनर्वसन शिक्षणाच्या मान्यताप्राप्त कार्यक्रमांतून गुण मिळविण्याची अट लागू केली. अशा रीतीने डॉक्टरेतर मनःस्वास्थ्य व्यावसायिकांमध्ये मुदतबंद नोंदणी आणि निरंतर शिक्षण यांची सांगड भारतात प्रथम पुनर्वसनाच्या क्षेत्रात घातली गेली. त्याचा परिणाम कार्यक्रमांच्या विषयांवर होणे अपरिहार्य होते. एकाच चौकटीत विशेष शिक्षक, वाचाउपचारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ यांच्या गरजा बसवायच्या असल्याने अपंगत्वविषयक कायदे, समावेशक शिक्षण, मूल्यमापन हे विषय तेथे स्वाभाविकपणे पुढे राहिले. मानसोपचाराच्या कौशल्याची पुनर्तपासणी, म्हणजे अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली आपल्या केसेसची चर्चा, ही या व्यवसायाची खरी शाळा होय. सभागृहातील उपस्थितीवर गुण देणाऱ्या पद्धतीत तिला स्थान मिळणे कठीण असते.

डॉक्टर, परिचारिका आणि गुणांचा हिशेब

मनोविकारतज्ज्ञ हा मुळात डॉक्टर असल्याने त्याची वाट वैद्यक परिषदेतून जाते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचरणविषयक विनियमांनी प्रत्येक डॉक्टरने दर पाच वर्षांत किमान तीस तास निरंतर वैद्यकीय शिक्षणात भाग घ्यावा असे सांगितले. महाराष्ट्रात १९६५ च्या कायद्यान्वये कार्यरत असलेल्या महाराष्ट्र वैद्यक परिषदेने पाच वर्षांच्या नूतनीकरणाशी तीस गुणांची सांगड घातली. मात्र २००२ च्या विनियमात विषयाचे बंधन नाही. हृदयविकारावरील परिषदेतील तास मनोविकारतज्ज्ञालाही तेवढेच उपयोगी पडू शकतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवे विनियम अधिसूचित करून निरंतर शिक्षणाची चौकट अधिक काटेकोर करण्याचा प्रयत्न केला, परंतु अन्य तरतुदींवरून उठलेल्या वादामुळे त्याच महिन्यात ते स्थगित करण्यात आले.

परिचर्या क्षेत्रात भारतीय परिचर्या परिषदेने पाच वर्षांत १५० तासांच्या निरंतर शिक्षणाचा निकष ठेवला. तास मोजले तर परिचारिकेवरील अपेक्षा डॉक्टरपेक्षा पाचपट आहे. या तफावतीचे शैक्षणिक समर्थन काय असावे हे समजत नाही. रात्रपाळी सांभाळून हे तास भरणाऱ्या शासकीय मनोरुग्णालयातील परिचारिकांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ सैद्धांतिक नाही.

मोठ्या शहरांबाहेर काम करणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी आहे. मान्यताप्राप्त कार्यक्रम मुंबई, पुणे, नागपूर अशा केंद्रांत होणार, त्याचे शुल्क, प्रवास आणि बुडालेले दिवस हा खर्च व्यावसायिकाने स्वतः सोसायचा, आणि गडचिरोली किंवा नंदुरबारसारख्या जिल्ह्यात त्या दिवसांत त्याची जागा घेणारा दुसरा कोणी नसणार. २०२० नंतरच्या साथीच्या काळात ऑनलाइन कार्यक्रमांचा प्रसार झाल्याने ही अडचण काही अंशी दूर झाली. त्याबरोबर पडद्यावर नाव दिसते म्हणजे माणूस ऐकत आहे काय, हा नवा प्रश्नही आला. हजेरीपटाची ही जुनीच व्यथा आपल्या महाविद्यालयीन वर्गखोल्यांना अपरिचित नाही.

‘वर्तनविषयक आरोग्य’ : २०१७ ते २०२४

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने १९८७ च्या कायद्याची जागा घेतली व तो २०१८ मध्ये अमलात आला. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, मानसिक आरोग्य परिचारिका आणि मनोविकार सामाजिक कार्यकर्ते यांची नोंदणी राज्य प्राधिकरणाने करावी आणि त्यावरून केंद्रीय प्राधिकरणाने राष्ट्रीय नोंदवही ठेवावी, अशी तरतूद त्यात प्रथमच झाली. मनोविकार सामाजिक कार्यकर्त्याला तर स्वतःची कोणतीही वैधानिक परिषद नव्हती, त्यामुळे त्याच्या दृष्टीने ही मोठीच घटना होती. मानसशास्त्रज्ञावर मात्र एकाऐवजी दोन नोंदवह्यांची जबाबदारी आली.

सर्वांत मोठा वर्ग अजूनही बाहेर होता. शाळा, महाविद्यालये, कुटुंब न्यायालये, एड्स नियंत्रण केंद्रे आणि खाजगी कार्यालये यांत बसणारा समुपदेशक कोणत्याच नोंदवहीत नव्हता. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने (२०१५-१६, ज्याच्या बारा राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता) निरनिराळ्या मानसिक विकारांत सत्तर ते ब्याण्णव टक्के रुग्ण उपचारांवाचून राहतात असे नोंदविले. ही पोकळी प्रत्यक्षात जे भरून काढत होते त्यांच्यात अशा नोंदवहीबाहेरच्या व्यक्तींचा वाटा मोठा होता.

२०२१ च्या राष्ट्रीय सहायक व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने हे चित्र बदलण्याची सुरुवात केली. त्याच्या अनुसूचीतील एका वर्गात ‘वर्तनविषयक आरोग्यविज्ञान व्यावसायिक’ या नावाखाली मानसशास्त्रज्ञ, वर्तन विश्लेषक, आरोग्य समुपदेशक, चिकित्सालयीन व मनोविकार सामाजिक कार्यकर्ते, एचआयव्ही समुपदेशक, मानसिक आरोग्य साहाय्यक यांची नोंद आहे. पुनर्वास परिषदेच्या कक्षेतील चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ तेवढा वगळला आहे. परिणामी एकाच विभागात शेजारी बसणारे दोन मानसशास्त्रज्ञ दोन भिन्न कायद्यांखाली, भिन्न निकषांनी मोजले जाणार. राज्य परिषदांची स्थापना रेंगाळल्याने ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला हस्तक्षेप करावा लागला आणि केंद्र व राज्यांनी दोन महिन्यांत या कायद्याची अंमलबजावणी करावी असा आदेश द्यावा लागला.

दरम्यान नोंदवहीच्या प्रवेशद्वारावरच प्रश्न उभा राहिला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने एम.फिल. पदवी बंद करण्याचे ठरविले आणि २०२२ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विनियमांनी ते प्रत्यक्षात आणले. प्रस्तुत लेखकासारख्या, इतिहासात एम.फिल. केलेल्यांच्या दृष्टीने तो एका परंपरेचा शेवट होता आणि त्यावर फारशी हळहळ व्यक्त झाली नाही. चिकित्सालयीन मानसशास्त्रात मात्र २०१७ च्या कायद्यातील व्याख्येतच एम.फिल.चा उल्लेख आहे. पदवी बंद झाली तर नवा व्यावसायिक नोंदवहीत येणार कसा, हा पेच धोरण आखताना कोणाच्या लक्षात आला नसावा. अखेर जानेवारी २०२४ मध्ये आयोगाने चिकित्सालयीन मानसशास्त्र आणि मनोविकार सामाजिक कार्य या दोनच विषयांतील एम.फिल.ला २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंत मुदतवाढ दिली.